जमिनीलगत

सुलाबाईनं आयुष्यात फारसं खोटं बोललेलं नव्हतं, कारण मुळात तिला फारसं बोलायचीच सवय नव्हती. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी तिनं जे एकच मोठं खोटं केलं, तेही तोंडानं नाही, विळ्यानं केलं. आणि ते पुढं छापून आलं. चार रंगांत, गुळगुळीत कागदावर, दोन हजार प्रती.

पेडगावकडं जाणाऱ्या रस्त्याला डाव्या अंगाला एक सरकारी फार्म आहे. त्याचं पूर्ण नाव फाटकावरच्या पाटीवर तीन ओळींत लिहिलंय, पण आसपासच्या गावांत त्याला नुसतं ‘फारम’ म्हणतात. तिथं जनावरांच्या चाऱ्यावर प्रयोग चालतात. सुलाबाई तिथं एकोणीस वर्षं रोजंदारीनं जात होती. लागली तेव्हा हजेरीला अंगठा उठवायची, मग साक्षरता वर्गात सही शिकली आणि बारा वर्षं सही केली, आणि आता मशीन आल्यापासून पुन्हा अंगठाच. घरी नवरा सिताराम. तो पूर्वी कालव्यावर पाणी सोडायच्या कामाला होता, आता गुडघ्यांनी घरी बसवलेला. मुलगी बबिता पूर्ण्याला दिलेली, जावई रेल्वेत. दारात दोन शेळ्या. एवढा सगळा पसारा.

फारमवर गेल्या वर्षी निवेदिता पाठक नावाच्या मॅडम नव्यानं आल्या. वय असेल अठ्ठावीस-एकोणतीस. परभणीहून स्कूटीवर यायच्या, हेल्मेट काढल्यावर ते कुठं ठेवावं हे त्यांना रोज नव्यानं ठरवावं लागायचं. त्यांचा पहिला प्रयोग लसूणघासाचा होता. ऐन हिवाळ्यात मोटार जळाली, ती दुरुस्त होऊन येईपर्यंत अकरा दिवस गेले, आणि तेवढ्यात निम्मा घास वाळून बसला. फारमचे प्रमुख आबासाहेब यांनी बांधावर उभं राहून मॅडमना सुनावलं. मोटार मॅडमनी जाळली नव्हती, पण सुनावायला मोटार समोर नव्हती. मजूर बायका सगळ्या तिथंच होत्या. मॅडम थोडं लांब जाऊन फोन कानाला लावून बराच वेळ उभ्या राहिल्या. पलीकडून कुणी बोलत नाहीये हे सुलाबाईला कळलं, कारण मॅडमही बोलत नव्हत्या.

मार्चमध्ये मॅडमनी बाजरी पेरली. ही बाजरी कणसाची नव्हे, चाऱ्याची. एकदा पेरायची आणि तीनदा कापायची. कापली की बुडख्यातून पुन्हा फुटते, महिन्याभरात कमरेच्या वर येते, पुन्हा कापायची. प्रश्न एवढाच होता की कापताना खाली किती बुडखा ठेवला तर ती जास्त फुटते. मॅडमनी बारा वाफे आखले. चार वाफ्यांत जमिनीलगत कापायचं, चार वाफ्यांत दहा सेंटिमीटर ठेवून, चार वाफ्यांत पंधरा. प्रत्येक वाफ्याला पिवळी पाटी लावली. जमिनीलगतच्या वाफ्यांवर ‘टी-वन’ लिहिलेलं होतं.

या प्रश्नाचं उत्तर सुलाबाईला वयाच्या नवव्या वर्षापासून ठाऊक होतं. बाजरीच्या ताटाला बुडाशी पेरं जवळजवळ असतात, आणि प्रत्येक पेराला एक डोळा असतो. नवा फुटवा त्या डोळ्यातून येतो. आई तिला वैरण कापायला न्यायची तेव्हा सांगायची, चार बोटं सोडून काप. खरवडून कापलं की डोळे विळ्याबरोबर जातात, मग रोपाला पार मुळापासून सुरुवात करावी लागते, आणि उन्हाळ्यात निम्मी रोपं ती करतच नाहीत. पण सुलाबाईला कुणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. फारमवर तशीच रीत होती. साहेबांनी सांगायचं, बायांनी ऐकायचं, आणि पिकानं जे करायचं ते करायचं.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात पहिली कापणी आली. चौघी बायका होत्या. टी-वनचे चारही वाफे मॅडमनी सुलाबाईकडं दिले, कारण तिचा हात एकसारखा चालतो असं त्यांच्या लक्षात आलं होतं. अगदी मातीला लावून कापा, असं त्यांनी दोनदा सांगितलं आणि त्या वजनकाट्याकडं गेल्या.

सुलाबाई वाकली. डाव्या हातात ताटं धरली, विळा मातीला टेकवला. आणि हात काही ओढेना. तिनं पुन्हा टेकवला. पुन्हा तेच. पन्नास वर्षं ज्या हातानं चार बोटं सोडली, त्याला आज सकाळी आठ वाजता नवीन काही ऐकायचं नव्हतं. तिसऱ्या खेपेला विळा आपोआप वर सरकला आणि सर्रकन कापून मोकळा झाला. मग पुढची ओळ, मग त्यापुढची. सगळा वाफा कापून झाल्यावर तिनं मान वर केली तेव्हा चार बोटं उंचीचे बुडखे ओळीनं उभे होते आणि पाटीवर टी-वन लिहिलेलं होतं.

आता काय करावं हा विचार तिनं फार वेळ केला नाही. दोनच दिवसांपूर्वी खुरपणी झालेली, माती मोकळी होती. तिनं हातानं दोन्ही बाजूंनी माती ओढून बुडख्यांना लावली आणि तळव्यानं वरून थापटली. नुसती टोकं वर राहिली. चारही वाफ्यांना तसंच केलं.

मॅडम स्टीलची पट्टी घेऊन आल्या, पट्टी मातीवर उभी धरली, वाकून पाहिलं आणि वहीत लिहिलं, एक सेंटिमीटर. छान कापलंय म्हणाल्या. सुलाबाई काही बोलली नाही. तिच्या न बोलण्याचं कुणालाच नवल वाटायचं नाही, हा एक फायदा होता.

घरी गेल्यावर तिनं सिताराम भाकरी खात असताना त्याला सांगितलं. तो चावत राहिला. मग म्हणाला की कालव्यावर त्यानंही साहेबांनी सांगितलेल्या वेळेला पाणी कधी सोडलं नव्हतं, पिकाला पाहिजे तेव्हा सोडलं, आणि कुणी मेलं नाही. सुलाबाईला यातून धीर आला की नाही हे तिचं तिलाच ठरवता येईना.

मॅडमनी युरिया दिला, पाणी दिलं, आणि दहाव्या दिवशी टी-वनचे वाफे सगळ्यांत आधी हिरवेगार झाले. बुडख्यात डोळे शाबूत, वरून मातीची ओल. मे महिन्याच्या उन्हात बाकीचे वाफे दुपारी माना टाकायचे, हे चार ताठ. मॅडम रोज सकाळी येऊन फुटवे मोजायच्या. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं मोजण्यात चूक झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजले. तिसऱ्या दिवशी त्यांनी हेल्मेट डोक्यावरच ठेवून मोजले, काढायचं लक्षात राहिलं नाही.

मेमध्ये दुसरी कापणी झाली, जूनच्या अखेरीला तिसरी. एकदा माती ओढल्यावर पुढच्या दोन खेपांना न ओढून चालणार नव्हतं. तिन्ही कापण्यांचा चारा मिळून टी-वन सगळ्यांत पुढं गेलं, तेही थोडंथोडकं नाही. मॅडम म्हणाल्या, हे सगळ्या पुस्तकांच्या उलट आहे, अजून दोन वर्षं तरी बघावं लागेल.

आबासाहेबांचं म्हणणं वेगळं पडलं. शेतकऱ्यांना एखादी शिफारस करायची तर तीन वर्षांचे आकडे लागतात हे त्यांनाही माहीत होतं. पण ते सप्टेंबरअखेर निवृत्त होणार होते, म्हणजे त्यांच्याकडं तीन महिने होते. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या नावावर एक शिफारस होती, ती गव्हाणीच्या उंचीबद्दल होती आणि ती दुसऱ्या कुणाबरोबर अर्धी वाटलेली होती. त्यांनी पत्रक काढायचं ठरवलं. ‘जमिनीलगत कापा, भरघोस चारा मिळवा.’ खाली बारीक अक्षरात ‘प्राथमिक निष्कर्ष’ असं मॅडमच्या आग्रहाखातर घातलं, पण ते चष्म्यानंही दिसत नव्हतं.

जुलैच्या मध्याला फारमवर शेतकरी मेळावा झाला. दोनशे चौदा शेतकऱ्यांनी नाव, गाव, मोबाइल नंबर लिहून सही केली, पत्रक घेतलं आणि जेवण केलं. सुलाबाई वाढायला होती. आबासाहेब माइकवरून जमिनीलगत, जमिनीलगत असं सांगत होते, आणि ती पंगतीत पोळ्या वाढत होती. एकदा तिचा हात थांबला. समोरचा माणूस पोळी मागत होता, तिला ऐकू गेलं नाही.

तो माणूस चंद्रभान होता. सुलाबाईच्याच गावचा, तिच्या घरामागं त्याचं वावर. सहा म्हशी होत्या, दूध डेअरीला घालायचा. त्यानं त्या पावसाळ्यात पहिल्यांदाच चाऱ्याची बाजरी एक एकर पेरली होती. दोन दिवसांनी तो पत्रक घेऊन सुलाबाईच्या दारात आला.

“सुलाआक्का, तुमी तर तिथंच असता. ह्ये खरं हाय का?”

सुलाबाई शेळीला पाला टाकत होती. खरं सांगितलं तर मॅडमचं काय होईल हे तिच्या डोळ्यांसमोर आलं, बांध, आबासाहेब, कानाला लावलेला फोन, सगळं. चंद्रभानच्या सहा म्हशी तिला त्या क्षणी दिसल्या नाहीत. म्हशी घरामागं होत्या.

“छापलंय म्हणल्यावर असंल,” ती म्हणाली.

चंद्रभानला तेवढं पुरलं. पण सुलाबाईला ते पुरलं नाही. पुढचे पंधरा दिवस ती फारमवरून परत येताना चंद्रभानच्या बाजरीकडं बघत यायची. बाजरी गुडघ्याला लागली, कमरेला लागली, छातीला लागली. ती रोज ठरवायची की उद्या सांगू. बाजरीला थांबायचं काही कारण नव्हतं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, एका रविवारी सकाळी, घरामागून विळ्याचा आवाज आला. सुलाबाई चूल तशीच टाकून गेली. चंद्रभान आणि त्याची बायको पहाटेपासून कापत होते. अर्धा एकर झाला होता. पत्रकात सांगितलं होतं अगदी तसं त्यानं कापलं होतं, काळी माती आणि तिच्यात पांढरट गोल ठिपके, बस. इतकं स्वच्छ कापलेलं वावर सुलाबाईनं जन्मात पाहिलं नव्हतं. पत्रकाची घडी त्याच्या खिशातून वर डोकावत होती.

“थांबा भाऊ,” ती म्हणाली. “पुढं कापू नका.”

“का?”

“त्या वाफ्यात मी चार बोटं ठेवून कापलं व्हतं, आन् वरून माती ओढली. तिन्ही बारीला. मॅडमला ठाव न्हाई, साहेबाला ठाव न्हाई.”

चंद्रभाननं विळा खाली ठेवला. पत्रक बाहेर काढलं, उघडून वाचलं, जणू त्यात हेही कुठंतरी लिहिलेलं असेल. मग घडी घालून परत ठेवलं. त्याच्या बायकोनं कापलेल्या अर्ध्या एकराकडं पाहिलं आणि ती पेंढ्या बांधायला लागली.

“मंग त्या दिशी दारात आलो तवा का न्हाई बोललीस?” चंद्रभान म्हणाला.

आजवर तो तिला ‘तुमी’ म्हणत आला होता. सुलाबाईच्या ते लक्षात आलं आणि तिला ते बरोबरच वाटलं. ती तिथंच उभी राहिली. थोड्या वेळानं चंद्रभान उरलेला अर्धा एकर कापायला लागला, चार बोटं सोडून.

सोमवारी सकाळी मशीनवर अंगठा लावून सुलाबाई थेट मॅडमच्या खोलीवर गेली. मॅडम कागदी पिशव्यांत वाळलेल्या चाऱ्याची वजनं करत होत्या. सुलाबाई म्हणाली की जरा वावरात चला. मॅडमना वाटलं साप निघाला. त्या लगेच निघाल्या.

टी-वनच्या पहिल्या वाफ्यात बाजरी पुन्हा मांडीपर्यंत आली होती. सुलाबाईनं खुरप्यानं एक ठोंब मुळासकट उपटला आणि बादलीत धुतला. माती निघून गेल्यावर चार बोटांचा बुडखा उघडा पडला. त्याच्या प्रत्येक पेरातून फुटवा निघालेला आणि मातीत दबलेल्या पेराला नव्या मुळ्या सुटलेल्या. मॅडम बघत राहिल्या. त्यांना सगळं समजायला जेवढा वेळ लागला, तेवढा वेळ सुलाबाई ठोंब हातात धरून उभी होती, त्यातून पाणी गळत होतं.

“चारही वाफ्यांत?” मॅडमनी विचारलं.

“चारही.”

“मोजून?”

“मोजून न्हाई. हातानं. चार बोटं.”

मॅडमनी पट्टी काढली आणि बुडखा मोजला. साडेसात सेंटिमीटर. मग त्यांनी सुलाबाईचा हात धरून चार बोटं मोजली. तेवढीच भरली. त्यानंतर मॅडम दुपारपर्यंत प्रत्येक वाफ्यातून पाच-पाच ठोंब उपटून मोजत होत्या. सुलाबाई धुऊन देत होती. दहा सेंटिमीटरच्या वाफ्यांत कुठं आठ निघाले, कुठं बारा. पंधराच्या वाफ्यांत तर एके ठिकाणी वीस. सुलाबाईचे मात्र साडेसातच्या आगेमागे एका रेषेत. मॅडमनी हे वहीत लिहिलं आणि वही मिटून बांधावर बसल्या.

“तुम्ही मला सांगायला हवं होतं,” त्या म्हणाल्या.

“तुमी विचारलं असतं तर सांगितलं असतं.”

मॅडमनी यावर विचार केला. “मी विचारलं नाही, हे खरंय,” त्या म्हणाल्या. “पण मी कापायला काय सांगितलं होतं, तेही खरंय.”

“खरं हाय.”

सुलाबाईला अजून एक गोष्ट सांगायची होती आणि ती सांगायला तिला फार जड गेलं. ती मातीकडं बघत म्हणाली, “तो घास वाळला तवा साहेब तुमाला समद्यांसमोर बोलले. म्हणलं, ह्ये तरी जगावं.”

या वेळी मॅडमनी फोन काढला नाही. मग उठल्या, कपडे झटकले आणि म्हणाल्या की चला, साहेबांकडं जायचंय.

सुलाबाईला वाटलं, उद्यापासून मशीनवर आपला अंगठा लागणार नाही. एकोणीस वर्षं झाली, झाली. आबासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि सुलाबाईला खुर्चीवर बसायला सांगितलं. एकोणीस वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं, म्हणून ती जास्तच घाबरली आणि कडेला टेकली. आबासाहेबांनी चष्मा पुसला.

“चाऱ्याच्या वजनाचे आकडे खोटे आहेत का?” त्यांनी विचारलं.

वजनं खरीच आहेत, मॅडम म्हणाल्या. फक्त टी-वन हे जमिनीलगत नाही. साडेसात सेंटिमीटर आणि मातीची भर, असं ते आहे.

“मग नाव बदला,” आबासाहेब म्हणाले आणि मोकळे झाले. त्यांच्या दृष्टीनं वाईट काहीच झालं नव्हतं. वाण तोच, फारम तेच, चारा तेवढाच. कापायची रीत तेवढी जरा लांबली होती.

मॅडम मात्र हलल्या नाहीत. पत्रकं बाहेर गेली आहेत, पावसाळी बाजरी नेमकी आत्ता कापणीला येते, दोनशे चौदा जणांना कळवावं लागेल, असं त्यांनी सांगितलं. आबासाहेबांनी आधी पत्रकं कोण वाचतं असं विचारलं. मग दुसरं पत्रक काढायला निधी नाही म्हणाले. मग निवृत्तीच्या तोंडावर असं पत्र माझ्या सहीनं जाणार नाही, एवढंच खरं कारण उरलं आणि ते त्यांनी तोंडानं सांगितलं नाही. मॅडम म्हणाल्या, पत्र नको, मी फोन करते, मेळाव्याच्या यादीत नंबर आहेत. आणि चूक माझ्या प्रयोगातली आहे, असंच सांगेन. हजेरीच्या मस्टरवर सुलाबाईचं नाव आहे तसं राहील ना, एवढं त्यांनी दारातून वळून विचारलं. आबासाहेबांनी हात हलवला. त्याचा अर्थ दोघींनी मिळून ‘राहील’ असा घेतला.

तीन दिवस मॅडम खोलीत बसून फोन करत होत्या आणि सुलाबाई समोर. बाजरी जमिनीलगत कापू नका, चार बोटं ठेवा, जमलं तर वरून माती लावा. बऱ्याच जणांना मॅडमचा फोन बँकेचा वाटायचा, ते घाईनं ठेवून द्यायचे. काही जण वाद घालायचे की परवा तर साहेब उलटं सांगत होते. अशा वेळी मॅडम फोन सुलाबाईकडं द्यायच्या. “मी सुलाबाई बोलायलेय, फारमवरून. ते वाफे मीच कापलेत,” असं ती सुरू करायची, आणि मग पहिल्यापासून सगळं. एकूण चव्वेचाळीस जणांना तिनं आपण काय केलं ते सांगितलं. शेवटी शेवटी तिला त्यातलं काही लागेनासं झालं.

आबासाहेबांचं एक खरं निघालं. पत्रक फार थोड्यांनी वाचलं होतं. एकानं ते खिडकीच्या फुटक्या काचेला लावलं होतं. सोनपेठकडच्या एकानं पुढचा मेळावा कधी आणि जेवण तेच राहील का, एवढंच विचारलं. पत्रकाप्रमाणं कापलेले तिघे निघाले. दोघांची दहा-बारा ओळींपुरती हौस होती. तिसरा चंद्रभान.

पंधरा दिवसांनी मॅडम स्कूटीवरून चंद्रभानच्या वावरात आल्या. जमिनीलगतच्या अर्ध्या एकरात पावसाची ओल असूनही दर दहा ठोंबांतले चार मेले होते आणि जगलेले पिवळे, बारीक. शेजारच्या अर्ध्या एकरात एकही मेला नव्हता. मॅडमनी चंद्रभानला सांगितलं की चूक आमची आहे. चंद्रभान म्हणाला की चूक कुणाची ते म्हशींना सांगून उपयोग न्हाई, त्यांना सांजच्याला वैरण लागते.

ते सुलाबाई ऐकत होती. त्या दिवसापासून ती फारमवरून सुटल्यावर ओढ्याकाठचं आणि बांधावरचं गवत कापायची आणि भारा डोक्यावर घेऊन चंद्रभानच्या गोठ्यात टाकायची. कुणी सांगितलं नव्हतं. सितारामनंही नको म्हटलं नाही, तो गुडघे धरून दोन वेळा बांधापर्यंत आला आणि भारा बांधू लागला. चंद्रभान रोज भारा बघायचा आणि काही बोलायचा नाही. महिना झाला. एका संध्याकाळी ती भारा टाकून वळली तेव्हा तो गोठ्यातून म्हणाला, “आक्का, आता पुरं. उद्यापासून आणू नका.” ती बरं म्हणाली आणि घरी गेली. रस्त्यात तिच्या लक्षात आलं की तो ‘नका’ म्हणाला.

सप्टेंबरच्या शेवटी आबासाहेब निवृत्त झाले. शाल-नारळ झाला. आपल्या भाषणात त्यांनी चार बोटं आणि मातीची भर या संशोधनाचा उल्लेख केला आणि समोर बसलेल्या मजुरांकडं बघून आमची सगळी टीम असं म्हणाले. सुलाबाईच्या शेजारच्या बाईनं टीम म्हणजे काय असं विचारलं. सुलाबाई म्हणाली, आपुन.

पुढच्या फेब्रुवारीत मॅडमनी नवा आराखडा केला आणि वाफे आखायच्या आधी सुलाबाईला बोलावून कागद समोर ठेवला. या वेळी सोळा वाफे होते. दहा आणि पंधराचे तसेच होते, साडेसात आणि मातीचे नवे होते, आणि जमिनीलगतचे पुन्हा होते. सुलाबाईनं कागद पाहिला आणि विचारलं की ते चार कशाला, मरतेत की ते.

“किती मरतात ते कुणालाच माहीत नाही,” मॅडम म्हणाल्या. “पुढं कुणी असं पत्रक काढलं तर समोर ठेवायला आकडा पाहिजे. तुमची आई चार बोटं म्हणाली होती. मला ते तिच्या नावानं लिहिता येत नाही.”

सुलाबाईनं कागदावरच्या त्या चार वाफ्यांवर बोट ठेवलं. मग म्हणाली, “ते चार मीच कापते. दुसरीला देऊ नका.”

एप्रिलमध्ये कापणी आली. मॅडम या वेळी वजनकाट्याकडं गेल्या नाहीत, वाफ्याच्या कडेला पट्टी घेऊन उकिडव्या बसल्या. सुलाबाईनं विळा मातीला टेकवला. हात पुन्हा अडला. तिनं डोळे मिटले नाहीत की काही पुटपुटलं नाही, फक्त विळा जरा तिरपा धरला आणि ओढला. ताट मातीसकट सुटलं. डोळे विळ्याबरोबर गेले, ते तिला पात्यावर दिसले, हिरवट, तांदळाच्या कणीएवढे. तिनं पातं लुगड्याला पुसलं आणि पुढची ओळ घेतली. मॅडमनी ठिकठिकाणी पट्टी लावली. शून्य, शून्य, एक, शून्य.

तीन आठवड्यांनी दोघींनी मोजणी केली. त्या चार वाफ्यांत शंभरातली सत्तावन्न रोपं गेली होती. मॅडमनी आकडा लिहिला. सुलाबाईनं तो दोनदा वाचला, कारण आता तिला आकडे वाचायला आवडायला लागलं होतं, आणि तिला वाईट वाटलं ते वाटलंच.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा सिताराम ओट्यावर पाय पसरून तेल चोळत बसला होता. आज काय केलं असं त्यानं विचारलं.

“चार वाफे मेलेले मोजले.”

“तूच मारलेले?”

“मीच. मॅडमसमोर.”

सितारामनं तेलाची बाटली बंद केली. बबिताचा फोन आला होता म्हणाला, रविवारी पोरांना घेऊन येणार आहे, पिठाचा डबा बघून घे. सुलाबाई आत गेली. डबा अर्धा होता. तिनं ज्वारी काढली आणि दिवस होता तोवर निवडायला बसली.